मागचा टायर पुढे

त्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा धाकटा भाऊ नागेश म्हैसूरच्या चामुंडी टेकडीच्या उतारावर सायकलवरून पडला. साडेनऊ वाजता तो हॉस्पिटलमध्ये वारला.

चौदाव्या दिवशी त्याची मुलगी सौम्या माझ्याकडे आली. ती बेंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मला ती दोड्डप्पा म्हणते. थोरल्या काकाला आमच्या घरात हाच कन्नड शब्द आहे. तिच्या हातात पोत्यात गुंडाळलेला सायकलचा टायर होता.

"पोलिसांनी सायकल परत दिली, दोड्डप्पा. पुढचा टायर फुटलाय. अम्मा म्हणाली, आधी तुमच्याकडेच न्यायचा. तुम्ही मला रिपोर्ट लिहून द्या. मी त्या दुकानदाराला सोडणार नाही."

"चंद्रूला?"

"पप्पांचं वजन एकशेआठ किलो. त्याला माहीत होतं की नाही? तरी असला टायर घातला. कन्झ्युमर कोर्टात जाते मी."

"चार दिवस दे."

"चार दिवस कशाला? फुटलेला दिसतोय की."

"फुटलेला दिसतो. का फुटला ते दिसत नाही."

हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा बोललो असेन. त्या दिवशीही ते सवयीने तोंडात आलं. सौम्याने टायर टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेली.

मेटगळ्ळीच्या बाजूला एका टायर फॅक्टरीत मी एकतीस वर्षं काम केलं. आम्ही कारचे टायर बनवत होतो. शेवटची अठरा वर्षं मी क्लेम खात्यात होतो. क्लेम म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार. टायर मुदतीआधी गेला असं कुणी म्हणालं की तो टायर आमच्याकडे यायचा. तो बघायचा, मोजायचा, लागलं तर कापायचा, आणि दोनपैकी एक उत्तर द्यायचं. एक, टायर बनवतानाच चूक झाली. मग कंपनी नवा टायर देई. दोन, चूक वापरण्यात झाली. हवा कमी, ओझं जास्त, किंवा संपलेला टायर चालवत राहणं. बहुतेक वेळा उत्तर दुसरं असे, आणि ते गिऱ्हाइकाला कधीच आवडत नसे.

आमचे मॅनेजर शेणॉय यांचे दोन नियम होते. पहिला, टायर बघून झाल्याशिवाय माणसाचं ऐकायचं नाही. माणूस आधी भेटला की डोळे त्याच्या बाजूने किंवा त्याच्या विरुद्ध बघू लागतात. दुसरा, रिपोर्टातला कारणाचा रकाना एका ओळीत भरायचा आणि त्यात विशेषण घालायचं नाही. मी एकदा 'अत्यंत निष्काळजी वापर' असं लिहिलं होतं. त्यांनी पेनने पहिले दोन शब्द खोडले आणि म्हणाले, "राव, टायरवर हे कुठे दिसलं तुम्हाला?"

या वेळी पहिला नियम पाळणं शक्य नव्हतं. टायरच्या आधी माणूस मला त्रेपन्न वर्षं भेटत होता.

नागेश पिरियापट्टणला एका तंबाखू कंपनीत ग्रेडर होता. रोज सकाळच्या बसने जायचा. पान अंगठा आणि दोन बोटांत धरायचं, जरा चोळायचं, आणि प्रत सांगायची, हे त्याचं काम. त्याच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तो हाताने ओळखायचा, मी गेज लावल्याशिवाय बोलत नसे. यावरून आमची थट्टा चालायची. "अण्णाला भात शिजला का तेसुद्धा मीटर लावून बघायला पाहिजे," असं तो सुमित्राला, त्याच्या बायकोला, माझ्यासमोर सांगायचा.

एक्कावन्नाव्या वर्षी त्याला साखर निघाली. वजन होतं एकशेअठरा किलो. डॉक्टर म्हणाले, चाला. चालून गुडघे सुजले. मग त्याने बन्नीमंटपाजवळच्या चंद्रूच्या दुकानातून रोड बाईक घेतली. रोड बाईक म्हणजे अरुंद टायरची, खाली वाकलेल्या हँडलची, उचलायला हलकी सायकल. पहिल्या दिवशी तो तिच्यावर बसला आणि खाली टायरकडे बघत राहिला.

"अण्णा, हे माझ्याखाली टिकणार किती?"

"सायकल टिकेल. टायर लवकर जातील."

"लवकर म्हणजे किती किलोमीटर?"

मला सांगता येईना. टायरवर हवा किती भरायची ते छापलेलं असतं. बसणाऱ्याच्या वजनाबद्दल काही छापलेलं नसतं. सडपातळ माणसासाठी दुकानदार जो आकडा सांगतो तो नागेशला लागू नव्हता, एवढंच मला कळत होतं. "मोजू," मी म्हणालो. "वही कर."

त्याने वही केली. आम्ही घरी मराठी बोलतो, पण शाळा कन्नड झाली, म्हणून मराठी लिहायची तर कन्नड अक्षरांत. मी देवनागरी मोठेपणी पुस्तकांतून शिकलो. नागेशने तो त्रास घेतला नाही. त्या वहीत त्याने कन्नड अक्षरांत रकाने केले: वजन, हवा, किलोमीटर, पुढचा, मागचा. दर रविवारी तो हवा भरायचा, वही भरायचा आणि मला फोन करायचा. निवृत्त झाल्यापासून मला कामाचं असं काही कुणी विचारत नव्हतं. मी रविवारी फोनजवळ बसू लागलो.

पहिला मागचा टायर सोळाशे किलोमीटरला संपला. मधून दोरे दिसू लागले. तोवर पाच पंक्चर झाली होती. सायकलवर माणसाचा बराचसा भार मागच्या चाकावर असतो. पायाचा जोरही साखळीतून मागेच जातो. म्हणून मागचा टायर पुढच्यापेक्षा फार लवकर झिजतो, आणि वजन जितकं जास्त तितका हा फरक वाढतो. हवा कमी असली तर खड्ड्यात टायर दबतो आणि ट्यूब रिमखाली चिरडली जाते. अरुंद टायरमध्ये ठासून हवा भरली तर फक्त मधली पट्टी रस्त्याला लागते आणि तेवढीच झिजते. उपाय सोपा आहे: टायर रुंद घ्यायचा. चंद्रूने तेवीस मिलिमीटरचे काढून अठ्ठावीसचे बसवले. ट्यूब चिरडणं थांबलं, आणि मागचा टायर पहिल्याच्या मानाने पुष्कळ जास्त किलोमीटर चालला.

टायरपेक्षा मला वजनाचा रकाना बघायला आवडायचा. एकशेअठरा, एकशेपंधरा, एकशेअकरा, एकशेआठ. तो आता बन्नीमंटपाच्या फेऱ्या सोडून चामुंडी चढू लागला होता. "वर जाऊन पुन्हा खाली येतो, काही मिळत नाही," असं म्हणायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचा.

आता टायरकडे येतो.

सौम्या गेल्यावर मी टेबलावर जुनं कापड पसरलं. भिंग, टॉर्च, गेज आणि पांढरा खडू काढला. बाजूच्या भिंती बघितल्या. हवा कमी ठेवून चालवलेल्या टायरच्या भिंतीवर बारीक सुरकुत्या पडतात. इथे एकही नव्हती. रिमला बसणारी कड शाबूत होती. थर सुटले नव्हते. म्हणजे बनवण्यात चूक नाही, हवेत चूक नाही. मग रबर बघितलं. नव्या टायरवर दोन बारीक खळगे असतात. झिजून ते दिसेनासे झाले की टायर बदलायचा, एवढ्यासाठीच ते असतात. इथे ते नव्हते. मधे बोटभर रुंदीची पट्टी सपाट झाली होती. दोन ठिकाणी रबर कागदाएवढं उरलं होतं. त्यातल्या एका ठिकाणी मिरीएवढा खडा आत घुसलेला होता, आणि तिथून वीतभर फाटलं होतं.

मी खडूने त्या सपाट पट्टीभोवती रेघ मारली. मग खडू खाली ठेवला.

हा टायर पुढच्या चाकातून काढलेला होता. पुढचा टायर असा झिजत नाही. त्याच्यावर ओझं कमी, जोर नाही. तो गोलच राहतो. मधे असा सपाट होतो तो मागचा. हा टायर मागे झिजला होता आणि नंतर कुणीतरी तो पुढे बसवला होता.

नागेशचा एक फोन मी विसरलो नव्हतो. त्या फोनचा टेबलावरच्या टायरशी संबंध असेल, हे मी तोवर मनात येऊ दिलं नव्हतं.

फोन पाच आठवड्यांपूर्वीचा. रविवार. मी वाचत होतो. नागेश म्हणाला, "अण्णा, मागचा मधे चपटा झालाय बघ. बोट फिरवलं की कड लागते. पुढचा मात्र गोल आहे, तंबाखूच्या कांडीसारखा."

"किलोमीटर किती?"

"चोवीसशे. चंद्रू म्हणतो टाकून द्या."

"टाकतो कशाला? फिरवून घे. पुढचा मागे, मागचा पुढे. दोन्ही सारखे झिजतील. आणखी हजार किलोमीटर मिळतील."

"पुढे चालेल हा?"

"पुढे भार कमी असतो की. सुम्ने उगाच भिऊ नको."

कारमध्ये हे रोजचं आहे. चार चाकं सारखी झिजत नाहीत, म्हणून ठरावीक अंतराने पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालतात. त्याला रोटेशन म्हणतात. गिऱ्हाइकांना वाटण्याच्या पत्रकात हा सल्ला मीच लिहिला होता. तो सल्ला मी चार चाकांवरून उचलला आणि दोन चाकांना दिला. पुस्तकातून डोकं वर न काढता दिला. माझं वाक्य खोटं नव्हतं. पुढे भार कमीच असतो. पण सायकलचा मागचा टायर फुटला तर माणूस डगमगतो आणि थांबतो. उतारावर, वळणावर पुढचा फुटला तर हँडल काही ऐकत नाही.

त्याने बोट फिरवून ओळखलं होतं. शंकाही त्यानेच विचारली होती.

टायर बघून झाला होता. आता माणसाचं ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी चंद्रूकडे गेलो. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मला बघून हातातलं चाक खाली ठेवून उभा राहिला. आम्ही कन्नडमध्ये बोललो, इथे मराठीत लिहितो.

"सौम्या येऊन गेल्या, सार. दुकान बंद करायला लावीन म्हणाल्या."

"नागेशचं कार्ड दाखव."

चंद्रू प्रत्येक सायकलचं कार्ड ठेवतो. काय काम केलं ते त्यावर लिहितो. शेवटच्या ओळीत 'टायर अदलाबदल' असं लिहिलं होतं आणि त्याच्यापुढे, 'गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून'.

"तू काही बोलला नाहीस?"

"बोललो की. संपलेला टायर पुढे नको, नागेश राव सार, एक नवा घ्या म्हटलं. नवा घेतला त्यांनी. पण बसवू दिला नाही, घरी नेला. म्हणाले, आमचे अण्णा एकतीस वर्षं टायर फॅक्टरीत होते, ते म्हणतात अजून हजार किलोमीटर आहेत. मग मी काय बोलू? मी सातवी पास."

"तरी बोलायचं होतंस."

"हो." त्याने कार्ड जागेवर ठेवलं. "माझे वडील लॉरीवर होते, सार. लॉरीला चांगला टायर पुढे. मागे जोडीने असतात, एक गेला तर दुसरा धरतो. पुढचा गेला की स्टिअरिंग गेलं. तुम्हाला तर हे माहीतच असणार."

मला माहीत होतं. मेटगळ्ळीच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक लॉरीवर ते बघायला मिळायचं. एकतीस वर्षं मी त्या लॉऱ्यांच्या मधून चालत कामावर जात होतो.

निघताना चंद्रू म्हणाला, "कोर्टाचं जे व्हायचं ते होईल, सार. पण मी नागेश राव सारना वाईट टायर विकला, असं तेवढं लिहू नका."

घरी मेटगळ्ळीच्या काळातला कोऱ्या रिपोर्टांचा एक पॅड होता. मी तो घेऊन बसलो. बाकीचे रकाने दहा मिनिटांत भरले. कारणाच्या रकान्याला दोन दिवस लागले.

खोटं काहीही लिहावं लागलं नसतं. 'मुदत संपलेला टायर वापरात' असं लिहिता आलं असतं. ते खरं होतं, आणि त्यात दोष नागेशचा होता. 'दुकानाने झिजलेला टायर पुढील चाकास बसवला' हेही खरं होतं. सौम्याला तेच हवं होतं, आणि चंद्रूचं कार्ड कोर्टात पुरलं असतं. दोन्ही ओळींत विशेषण नव्हतं. शेणॉयनी दोन्हींवर सही केली असती.

त्या दोन दिवसांत मला माझे जुने रिपोर्ट आठवले. अठरा वर्षं मी 'वापरणाऱ्याची चूक' असं लिहीत आलो. त्या माणसाला तसं वापरायला कुणी सांगितलं होतं, असा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता. आणि मला तो कधी हवासा वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी मी लिहिलं: 'मागे झिजलेला टायर पुढे बसवला. तसा सल्ला तपासणाऱ्याने दिला होता.' खाली सही केली.

टायर आणि कागद घेऊन मी नागेशच्या घरी गेलो. सौम्या आणि सुमित्रा दोघी होत्या. कागद सौम्याच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला.

"तपासणारा म्हणजे कोण?"

"मी."

"तुम्ही पप्पांना सांगितलं होतं? हा टायर पुढे घाला म्हणून?"

"हो. फोनवर. त्याने विचारलंही होतं, चालेल का. मी चालेल म्हणालो. चंद्रूने नको म्हटलं होतं. नागेशने माझं ऐकलं."

सौम्याने कागद टीपॉयवर ठेवला. तिची बोटं नागेशसारखी आहेत, आखूड आणि रुंद. "चार दिवस घेतलेत तुम्ही," ती म्हणाली आणि आत गेली.

सुमित्रा खुर्चीवरून हलली नाही. मला वाटलं, तिला नीट कळलं नसेल. मी पुन्हा सांगायला सुरुवात केली.

"मला माहीत आहे, अण्णा," ती म्हणाली. "तुमचा फोन ठेवला आणि इथे येऊन मला सांगितलंय त्यांनी. अण्णा म्हणतो अजून हजार किलोमीटर आहेत, म्हणाले. खूश होते. नवा टायर माझ्याच कपाटात ठेवलाय, साड्यांखाली."

"मग तू सौम्याला सांगितलं नाहीस?"

"नाही. म्हटलं, टायर आधी तुमच्याकडे जाऊ दे. काय लिहिता ते बघू."

मी टीपॉयवरच्या कागदाकडे बघितलं.

"चंद्रूचं नाव लिहिलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं," ती म्हणाली. "पण मग या घरात तुम्हाला जेवायला वाढलंही नसतं."

ती उठली. आतून ताटांचा आवाज आला. बाहेर येऊन तिने दोन ताटं मांडली, एक माझं आणि एक तिचं. सौम्या जेवायला आली नाही.

तक्रार झाली नाही. चंद्रूचं दुकान चालू आहे. सौम्या सणाला येते, मला दोड्डप्पा म्हणते, तब्येत विचारते. सल्ला विचारत नाही. तिने गाडी घेतली ते मला सुमित्राकडून कळलं.

वजनदार माणसाचा टायर किती टिकतो, हे अजूनही लोक मला विचारतात. चंद्रूच माझ्याकडे पाठवतो. नागेशची वही माझ्याकडे आहे. मी त्यांना तिच्यातले आकडे दाखवतो आणि सांगतो की हे एका माणसाचे आहेत, तुमचे तुम्हाला मोजावे लागतील. रुंद टायर घ्या. दर आठवड्याला हवा बघा. मधून बोट फिरवा. कड लागली की तो टायर संपला, किलोमीटर कितीही झाले असोत. मागचा संपला तर पुढचा मागे घाला आणि नवा पुढे. मागचा कधीही पुढे घालायचा नाही. आणि दुकानदार काही म्हणाला तर घरातल्या इंजिनिअरला फोन करण्याआधी त्याचं ऐकून घ्या. शेवटचं वाक्य ऐकून काही जण हसतात.

सायकल सुमित्राने मला दिली. चंद्रूने पुढचं चाक सरळ केलं, हँडल बदललं, सीट दोन बोटं खाली घेतली. कपाटातला नवा टायर पुढे बसवला. मागे नागेशने शेवटी चालवलेला टायर आहे, जो आधी पुढे होता. सकाळी मी बन्नीमंटपाच्या मैदानाला फेऱ्या मारतो. चामुंडीला जात नाही. रविवारी हवा भरतो आणि त्याच वहीत, त्याच्या कन्नड अक्षरांच्या खाली, देवनागरीत लिहितो. त्याच्या वजनाखाली मागचा टायर एव्हाना संपला असता.

माझं वजन एकोणसाठ किलो आहे. मागचा टायर अजून तोच आहे.